सनद, वही आणि दाखला

२०२१ च्या पावसाळ्यात एका रविवारी आमच्या वस्तीतील बुद्धविहारात एक व्यक्ती आली. निवृत्त झाल्यापासून रविवारी सकाळी मी तेथे सतरंजीवर बसतो आणि लोकांचे अर्ज लिहून देतो. कोणाची निराधार योजना, कोणाची शिष्यवृत्ती, कोणाच्या नावातील चूक. आलेल्या व्यक्तीने साडी नेसलेली होती, केस मागे घट्ट बांधले होते, हातात प्लॅस्टिकची पिशवी होती. रांगेतल्या बाया जरा बाजूला सरकल्या. दोन तरुण एकमेकांकडे पाहून हसले. ती माझ्यासमोर बसली आणि म्हणाली, "जयभीम, काका."

त्या 'जयभीम'ने मी दचकलो, हे कबूल केले पाहिजे. टाळी वाजवून पैसे मागणाऱ्यांपैकी कोणी आपल्याला 'जयभीम' म्हणेल, असे माझ्या मनात कधी आलेच नव्हते. जणू आमच्या घरांतून अशी लेकरे जन्मतच नाहीत. जणू ती आभाळातून थेट सिग्नलवर उतरतात.

पिशवीतून तिने कागद काढले. शाळा सोडल्याचा दाखला, त्यावर मुलाचे नाव, बापाचे नाव, आमचेच आडनाव वाटावे असे आडनाव आणि आमचीच जात. मतदार ओळखपत्र, त्यावर दुसरे नाव आणि लिंगाच्या रकान्यात 'इतर'. क्षयरोगाच्या औषधाचे एक जुने कार्ड, त्यावर तिसरेच नाव, पुढे 'पु.', आणि वय पाच वर्षांनी चुकलेले. पावसात भिजून शाई पसरलेला एक डिस्चार्ज कार्डाचा तुकडा. जातीचा दाखला नव्हता. तो काढलाच नव्हता, कारण तो काढायला लागणारे कागद गावी भावाच्या पेटीत होते आणि भावाने बारा वर्षांपूर्वी तिला घराबाहेर काढले होते. एका माणसाचे चार कागद, आणि चारांतील कोणतेही दोन एकमेकांना ओळखत नव्हते.

या लेखाचे कारण ती पिशवी आहे. पण दुसरेही एक कारण आहे, आणि ते आधी सांगितल्याशिवाय पुढे लिहिण्याचा मला अधिकार नाही. मी अठ्ठावीस वर्षे एका सरकारी दवाखान्यात केसपेपरच्या खिडकीवर काम केले. नाव, वय, लिंग, पत्ता. दिवसाला तीनशे-साडेतीनशे कागद. १९९६ साली एका संध्याकाळी खिडकीशी एक हिजडा तापाने फणफणत आला. नाव विचारले तर बाईचे नाव सांगितले. मी चेहरा पाहिला, आवाज ऐकला आणि दरडावून म्हणालो, "खरे नाव सांग." मग पुरुषाचे नाव लिहिले, पुढे 'पु.' लिहिले. त्या एका अक्षराने त्या माणसाची रवानगी पुरुषांच्या वॉर्डात झाली. रात्री तेथे काय झाले ते मी पाहिले नाही. सकाळी वॉर्डबॉय हसत हसत सांगत होता, त्यावरून समजायचे ते समजले. खाट रिकामी होती. नोंदवहीत शेरा लिहायचे काम माझेच होते. मी लिहिले, 'रुग्ण पळून गेला.' अक्षर माझे आहे.

ज्या हाताने हे लिहिले तो हात एका महाराच्या नातवाचा होता. नगर जिल्ह्यातील आमच्या गावी माझे आजोबा वतनदार महार म्हणून राबले. गावातील जन्माची आणि मृत्यूची वर्दी चावडीवर देणे हे त्यांचे काम. जन्मल्या मुलाची नोंद ज्यांच्या पायांनी सरकारपर्यंत चालत गेली, त्यांना स्वतः ती वही वाचता येत नव्हती. मला वाचता येऊ लागली, लिहिता येऊ लागली, आणि मी तिच्यात 'पु.' लिहिले.

आपल्या चळवळीला कागदाचे मोल नव्याने सांगायला नको. शाळेचा दाखला, जातीचा दाखला, वैधता प्रमाणपत्र, शिष्यवृत्तीचा अर्ज यांवर आमच्या दोन पिढ्या उभ्या राहिल्या. एक काना चुकला तर नोकरी गेली, अशी उदाहरणे प्रत्येक वस्तीत आहेत. म्हणूनच ज्यांच्या कागदावर कानाच नव्हे तर अख्खे माणूसच चुकीचे लिहिले गेले आहे, त्यांचा इतिहास आपण वाचला पाहिजे. आज ज्यांना तृतीयपंथी म्हणतात त्यांचा. (हा शब्द मला पटत नाही. पंथ म्हणजे दीक्षा घेऊन धरलेली वाट. आणि तृतीय म्हणजे पहिला कोण, दुसरा कोण हे आधीच ठरलेले. पण सरकारी कागदावर तोच रूढ झाला आहे, आणि 'हिजडा' हा शब्द त्या समाजातील काही जण अभिमानाने, तर बाकीचे सारे शिवीसारखा वापरतात. मी दोन्ही वापरतो.)

या लोकांना पूर्वी कागदच नव्हता, असा आपला समज असतो. तो खोटा आहे. मराठेशाहीत दख्खनमधील काही हिजड्यांना सनदा होत्या. गावागावांतून दाणा आणि पैसा मागण्याचा त्यांचा हक्क परंपरेने मान्य होता. काहींच्या नावे इनाम जमीन होती, आणि हा हक्क गुरूकडून चेल्याकडे जात असे. म्हणजे ज्याला आज सिग्नलवरची भीक म्हणतात तिला एके काळी दप्तरात जागा होती. पेशवाई बुडाली, कंपनी सरकार आले. १८३६ च्या सुमारास हा प्रश्न पुणे जिल्ह्यातून मुंबई सरकारपुढे गेला. असल्या लोकांच्या मागण्याच्या हक्कामागे सरकारचे बळ उभे करणे सभ्यतेला धरून नाही, अशी भूमिका सरकारने घेतली. पुढच्या काळात सनदेमागचा आधार निघून गेला. हात पसरणे तसेच राहिले, फक्त त्यामागचा हक्क गेला.

मी सनदेचे गोडवे गात नाही. आम्हालाही वतन होते! ते वतन म्हणजे पिढ्यान्‌पिढ्यांची वेठ, आणि म्हणूनच १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबईच्या कायदेमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले. ज्या कागदाने माणसाला मागण्याचा हक्क दिला, त्याच कागदाने त्याला मागण्यालाच बांधून टाकले. पण एक फरक ध्यानात घ्यावा लागतो. सनदेत माणूस 'हा कोण आहे' हे त्याच्या गुरूवरून, त्याच्या जमातीवरून ठरत होते. त्याचे लुगडे सोडून कोणी पाहत नव्हते.

ते पाहणे सुरू झाले १८७१ साली.

१८७१ चा गुन्हेगार जमातींचा कायदा आपल्या वाचकांना माहीत आहे. पारधी, कैकाडी, भामटा अशा कितीतरी जमातींना जन्मतः चोर ठरवणारा, पुढे सोलापूरच्या सेटलमेंटच्या तारेच्या कुंपणापर्यंत नेणारा हाच तो कायदा. भटक्या-विमुक्तांच्या आत्मकथनांनी त्याची हजेरी, त्याचे दाखले, त्याची रात्रीची मोजणी मराठी साहित्यात आणली. पण त्या कायद्याचा दुसरा भागही होता, आणि त्याबद्दल आपण फारसे बोललो नाही. तो भाग हिजड्यांसाठी होता. वायव्य प्रांतात त्याची अंमलबजावणी सर्वांत जोरात झाली. तेथे मैनपुरी भागात १८५२ साली भूरा नावाच्या एका हिजड्याचा खून झाला. खून झाला हिजड्याचा, आणि त्या खटल्यापासून गोऱ्या अधिकाऱ्यांच्या डोळ्यांवर आली ती हिजड्यांचीच जमात. ही जमात हळूहळू नामशेष व्हावी, असा हेतू तेथील अधिकाऱ्यांनी नोंदवून ठेवला आहे.

कायद्याचा हा भाग मी पुनःपुन्हा वाचला आहे, कारण माझ्या खिडकीचा जन्म मला त्यात दिसतो. मुले पळवणे, त्यांचे लिंग छाटणे किंवा दंडसंहितेच्या ३७७ व्या कलमाखालील गुन्हा यांचा ज्यांच्यावर संशय असेल अशा हिजड्यांची नावे आणि राहण्याची ठिकाणे सरकारने वहीत लिहायची. गुन्हा सिद्ध होण्याची गरज नाही, संशय पुरे. वहीत नाव चढलेल्याने रस्त्यावर बाईचा वेश किंवा दागिने घातले, सार्वजनिक ठिकाणी नाचगाणे केले, तर वॉरंटाशिवाय अटक आणि दोन वर्षांपर्यंत कैद. सोळा वर्षांखालील मुलगा घरात ठेवला तरी शिक्षा. त्याला कोणाचा पालक होता येणार नाही, बक्षीसपत्र करता येणार नाही, मृत्युपत्र करता येणार नाही, दत्तक घेता येणार नाही. त्याच्या मालमत्तेची माहिती मात्र सरकार मागू शकेल. गुरू मेला की चेल्याला काय मिळते, हा ज्या समाजाचा कणा, तोच असा मोडला.

आणि हिजडा कोण? कायद्याने उत्तर दिले आहे: जो पुरुष आपण नपुंसक असल्याचे स्वतः कबूल करतो, किंवा वैद्यकीय तपासणीत जो स्पष्टपणे तसा दिसतो, तो. म्हणजे ओळखपत्र आणि वैद्यकीय नोंद या दोन गोष्टी आपल्या देशात या लोकांच्या वाट्याला एकाच दिवशी, एकाच कलमात आणि पोलिसाच्या हातून आल्या. पहिला कागद गुन्हेगाराचा, पहिला डॉक्टर पोलिसाच्या बाजूने उभा. या समाजातील माणूस आजही दवाखान्याच्या पायरीवर का थबकतो, याचे उत्तर शोधायला मानसशास्त्राची पुस्तके उघडण्याचे कारण नाही.

विसाव्या शतकाच्या आरंभी ब्रिटिश मुलखात तो दुसरा भाग गळून पडला. पण वहीची कल्पना मेली नाही. शेजारच्या निजामी राज्यात १९१९ साली हिजड्यांची वही ठेवणारा असाच कायदा झाला. मराठवाडा त्या वेळी त्याच राज्यात होता. निजाम गेला, हैदराबाद राज्य तुटले, आंध्र झाला, तेलंगणा झाला, आणि हा कायदा कागदावर जिवंतच राहिला. तेलंगणा उच्च न्यायालयाने तो घटनाविरोधी म्हणून रद्द केला तो २०२३ साली. १९५२ च्या ऑगस्टमध्ये विमुक्त जमातींची वही जळाली असे आपण म्हणतो. याच सरहद्दीवर दुसरी एक वही आणखी एकाहत्तर वर्षे कपाटात होती. कर्नाटकाने तर २०११ साली आपल्या पोलीस कायद्यात नवे कलम घालून हिजड्यांची यादी ठेवण्याचा अधिकार पोलिसांना दिला. विमुक्तांना पोलीस ठाण्यात आजही जुन्या नजरेने पाहिले जाते, हे ज्यांनी अनुभवले आहे त्यांना याचे नवल वाटणार नाही.

पोलिसाच्या वहीत जागा होती, पण नागरिकाच्या कागदावर ती नव्हती. स्वतंत्र भारताच्या फॉर्मवर दोनच रकाने. मताधिकार सर्वांना होता, पण स्त्री म्हणून घ्या किंवा पुरुष म्हणून घ्या. २००५ साली पासपोर्टच्या अर्जावर तिसरा पर्याय आला, तोही इंग्रजीतील 'खोजा' या अर्थाच्या शब्दाच्या आद्याक्षराने! १८७१ चा शब्द २००५ च्या पासपोर्टवर! तामिळनाडूने २००८ साली कल्याण मंडळ काढले आणि शिधापत्रिकेवर तिसरी नोंद दिली. निवडणूक आयोगाने २००९ च्या नोव्हेंबरात मतदार यादीत 'इतर' हा रकाना उघडला. २०११ च्या जनगणनेत पहिल्यांदा तिसरा आकडा मोजला गेला: ४,८७,८०३. महाराष्ट्रात ४०,८९१. तीन वर्षांनी झालेल्या लोकसभा निवडणुकीच्या यादीत मात्र 'इतर' मतदार अठ्ठावीस हजारांच्या आसपास होते. जनगणनेत घरातला माणूस सांगतो तसे लिहिले जाते; मतदार होण्यासाठी कागद लागतो. या दोन आकड्यांमधले अंतर काही अंशी लहान मुलांचे आहे, काही अंशी भीतीचे, आणि उरलेले कागदाचे.

जनगणनेच्या त्याच तक्त्यात आणखी एक आकडा आहे. त्या पावणेपाच लाखांवर माणसांपैकी ७८,८११ अनुसूचित जातींची आहेत. साधारण सहांत एक. हा आकडा मला साठी उलटल्यावर वाचायला मिळाला. तोपर्यंत आमच्या कोणत्या परिषदेत, कोणत्या ठरावात या पाऊण लाख माणसांचा उल्लेख मी ऐकला नव्हता. यल्लम्माला सोडलेल्या जोगतिणींबद्दल आम्ही बोललो, आणि बोललो ते योग्यच होते. त्याच देवीच्या नावाने लुगडे नेसवलेल्या जोगत्याबद्दल मात्र आम्ही हसून विषय बदलला.

१५ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती राधाकृष्णन आणि न्यायमूर्ती सिक्री यांनी निकाल दिला. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने लढवलेले हे प्रकरण. आपण पुरुष, स्त्री की तृतीयलिंगी हे ठरवण्याचा अधिकार ज्याचा त्याला आहे आणि त्यासाठी शस्त्रक्रियेची अट घालणे बेकायदा आहे, असे न्यायालयाने सांगितले. १८७१ च्या कलमाला दिलेले हे खरे उत्तर. पण निकाल आणि खिडकी यांच्यात फार मोठे अंतर असते, हे मी खिडकीच्या आतून पाहिले आहे. २०१६ च्या विधेयकात सरकारने जिल्हा छाननी समिती घातली, तिच्यात वैद्यकीय अधिकारी बसवला. आंदोलने झाली. २०१९ च्या कायद्यातून समिती गेली. जिल्हा दंडाधिकाऱ्याने ओळखीचे प्रमाणपत्र द्यावे असे ठरले. तृतीयपंथी म्हणून प्रमाणपत्र हवे तर शपथपत्र पुरेल. पण स्त्री किंवा पुरुष अशी नोंद हवी असेल, तर शस्त्रक्रिया केल्याचा दवाखान्याचा कागद आणावा लागेल. म्हणजे डॉक्टर पुढच्या दाराने गेला आणि मागच्या दाराने आत आला.

डॉक्टरला ओळख ठरवायला बसवले की काय होते याचे उदाहरण शेजारच्या बांगलादेशात आहे. तेथील सरकारने २०१३ साली हिजड्यांना स्वतंत्र ओळख दिली, मग सरकारी कामासाठी बारा जणांची निवड केली. २०१५ साली ढाक्यात त्यांची वैद्यकीय तपासणी झाली. कपडे उतरवून, चेष्टा करत. आणि हे तर पुरुष आहेत, खरे हिजडे नाहीत, असा शेरा मिळाला. नोकरी गेलीच, वर गावभर बोभाटा झाला तो वेगळा.

दवाखान्यातील नोंद चुकली तर बिघडते काय, असे मला एकदा एका डॉक्टरनेच विचारले होते. औषध तेच, ताप तोच. मी डॉक्टर नाही, पण अठ्ठावीस वर्षे कागद हाताळले आहेत. माणूस दर वेळी वेगळ्या नावाने आला की जुना केसपेपर सापडत नाही. मागच्या वेळी कोणत्या औषधाने अंगावर पुरळ उठले, कोणती शस्त्रक्रिया झाली, कोठे झाली, कोणी केली (कित्येकदा ती डॉक्टरने केलेलीच नसते), हे सारे जुन्या कागदावर राहते. क्षयाच्या औषधात तर एका नावाने सुरू झालेला रुग्ण दुसऱ्या नावाने दुसऱ्या केंद्रात गेला की पहिल्या वहीत तो 'औषध सोडलेला' ठरतो. रक्त कमी आहे की नाही हेदेखील रकाना पाहून ठरते: पुरुषाला हिमोग्लोबिन तेराच्या खाली गेले की कमी, बाईला बाराच्या खाली. मग वर्षानुवर्षे औषधाच्या दुकानातून गर्भनिरोधक गोळ्या आणून, छाती यावी म्हणून खाणाऱ्या माणसाला कोणता आकडा लावायचा? त्या गोळ्यांची गोष्ट तो 'पु.' लिहिलेल्या कागदासमोर बोलतच नाही. बाईच्या देहात जन्मून पुरुष म्हणून जगणाऱ्यांचे हाल याहून निराळे. कागदावर पुरुष झाला की त्याच्या गर्भाशयाची चौकशी करायचे कोणाला सुचत नाही. एड्सच्या कार्यक्रमात तर हिजड्यांना अनेक वर्षे 'पुरुषांशी संबंध ठेवणारे पुरुष' या गटातच धरले गेले. ज्या कार्यक्रमाने त्यांच्या दारापर्यंत पहिल्यांदा औषध नेले, त्यानेही आधी त्यांना पुरुषच लिहिले.

कोर्टाच्या कागदांत मात्र एक नाव मला भेटले, त्याबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. कटनी हे मध्य प्रदेशातील शहर. तेथे महापौरपदावर निवडून आलेल्या कमला जान यांची निवड २००३ साली उच्च न्यायालयात टिकली नाही, कारण जागा स्त्रियांसाठी राखीव होती आणि कमला जान यांना कायद्याने पुरुष धरले. अठरा वर्षांनी, २०२१ च्या जानेवारीत, हाच प्रश्न जळगाव जिल्ह्यातील भादली बुद्रुकच्या ग्रामपंचायतीत उभा राहिला. स्त्री-राखीव जागेसाठीचा अर्ज निवडणूक अधिकाऱ्याने फेटाळला. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने तो स्वीकारायला लावला आणि उमेदवार निवडून आली. (पुढे पुन्हा पुरुष होऊ नये, अशी तंबीही न्यायालयाने दिली. जन्मभर कोणी पुरुषाला अशी तंबी दिल्याचे मी ऐकलेले नाही.) त्या खटल्याचे शीर्षक आहे 'अंजली गुरू संजना जान विरुद्ध महाराष्ट्र राज्य'. मराठी नावात मधली जागा बापाची असते. लग्न झालेल्या बाईच्या नावात ती नवऱ्याची होते. येथे त्या जागेवर गुरूचे नाव आहे, आणि ते उच्च न्यायालयाच्या दप्तरात गेले आहे. १८७१ च्या कायद्याने जे नाते मोडले होते, ते एका ग्रामपंचायतीच्या भांडणात पुन्हा कागदावर आले.

आता पुन्हा त्या पिशवीकडे वळतो, कारण खरी अडचण येथेच आहे आणि ती आपली आहे.

ओळखीचे प्रमाणपत्र मागायला फार त्रास झाला नाही. २०२० च्या नोव्हेंबरापासून तो अर्ज पोर्टलवर भरता येऊ लागला होता. शपथपत्र, फोटो, तीन फेऱ्या. चार महिन्यांनी कागद हाती आला, त्यावर तिचे तिने घेतलेले नाव. २०२० च्या नियमांनी त्या प्रमाणपत्रावरून इतर कागदांतील नाव आणि लिंग बदलून देण्यास सांगितले आणि अशा कागदांची यादी दिली. त्या यादीत जातीचा दाखलाही आहे. पण बदलून घ्यायला आधी तो असावा लागतो.

जातीचा दाखला बापाकडून येतो. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा लागतो, म्हणजे बापाचा, आजाचा. वंशावळ शपथेवर लिहून द्यावी लागते. पुढे वैधता हवी असेल तर दक्षता पथक घरी चौकशीला जाते. रक्तनात्यातील कोणाची वैधता असेल तर काम सोपे होते. प्रत्येक पायरीवर रक्ताचे नाते. आणि या माणसाचा गुन्हा काय, तर रक्ताच्या नात्याने त्याला घराबाहेर काढले! लिंगाचा दाखला सांगतो, तुझे तू ठरव. जातीचा दाखला सांगतो, तुझ्या बापाला विचारून ये. डेऱ्यातील गुरू तिला भाकरी देईल, आजारात पाय चेपील, मेल्यावर रडेल. पण गुरूच्या नावावरून जात सिद्ध होत नाही. आणि जात तर सुटलेली नसते. डेऱ्यात तिला कोणत्या भांड्यातून पाणी मिळत असे, हे तिने मला सांगितले आहे.

सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली तृतीयपंथीयांना मागास वर्ग मानून आरक्षण द्यावे असे सांगितले तेव्हा आम्ही टाळ्या वाजवल्या. तामिळनाडूने त्यांना अति मागास वर्गात घातले. मग दलित घरातील तृतीयपंथीयाने काय करायचे? जात सांगायची की लिंग? हा प्रश्न तामिळनाडूतील दलित कार्यकर्त्या ग्रेस बानू यांनी वर्षानुवर्षे लावून धरला आणि प्रत्येक प्रवर्गाच्या आत समांतर आरक्षण मागितले. कर्नाटकाने २०२१ साली सरकारी भरतीत प्रत्येक प्रवर्गात एक टक्का असे केले. महाराष्ट्रात २०२२ च्या डिसेंबरात पोलीस भरतीच्या अर्जावर तिसरा रकाना यावा म्हणूनसुद्धा उच्च न्यायालयापर्यंत जावे लागले.

तर कागद भावाच्या पेटीत. मी भावाला फोन केला. शिक्षक माणूस, विहार समितीचा सदस्य, बोलणे सुसंस्कृत. म्हणाला, "देतो की काका. पण त्याला सांगा, गावी यायचे तर शर्ट-पँट घालून यायचे, केस कापून यायचे. आई अजून जिवंत आहे." मी तिला हे सांगितले. ती बराच वेळ पिशवीच्या बंदाशी चाळा करत बसली. मग म्हणाली, "आईनंच बोलावलंय का, एवढं विचारा." मी विचारले. भावाने फोन ठेवला.

पेटीशिवाय दुसरा मार्ग आहे का, याचा मी विचार करू लागलो आणि मला आजोबा आठवले. गावच्या जन्ममृत्यूची नोंद असलेल्या कोतवाल बुकाची नक्कल तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षातून कोणालाही अर्ज करून मागता येते. त्याला भावाची परवानगी लागत नाही. तिला आजाचे नाव ठाऊक होते, गाव ठाऊक होते, साल अंदाजाने ठाऊक होते. 'मोठ्या दुष्काळाच्या आधी' असे आजी सांगायची. आम्ही पाच-सहा वर्षांच्या नोंदी मागितल्या. दोन महिन्यांनी नक्कल आली. मोडीतून बाळबोधीत उतरवलेली एक ओळ: गाव, तारीख, बापाचे नाव, जात महार, मुलगा. तिच्या आजाचा जन्म. त्या जन्माची वर्दी चावडीवर कोणी दिली असेल, ते त्या ओळीत लिहिलेले नाही. लिहिण्याची पद्धत नव्हती.

ती नक्कल, शाळेचा दाखला, ओळखीचे प्रमाणपत्र आणि तिने स्वतः लिहिलेली वंशावळ असे सारे जोडून अर्ज उपविभागीय कार्यालयात दिला. वंशावळीत भावाचे नाव आहे, आईचे आहे, तिचे आहे. त्रुटी निघाली: अर्जदाराचे नाव आणि शाळेच्या दाखल्यावरील नाव जुळत नाही. आम्ही राजपत्राची प्रत जोडून उत्तर दिले. पुन्हा तीच त्रुटी आली, या वेळी लाल शाईने. खिडकीवरचा मुलगा तरुण आहे, बहुधा आपल्यातलाच. त्याने माझ्याकडे पाहिले, तिच्याकडे पाहिले आणि विचारले, "खरे नाव कोणते लिहू?"

तिने प्रमाणपत्र पुढे सरकवले. त्याने ते हाती घेऊन वाचले, आणि तिसऱ्या वेळी प्रकरण आत पाठवले.